लिलावाच्या प्रदर्शनात जुनी मोटार कशी पारखावी

जुन्या, दुर्मीळ मोटारींच्या लिलावात बोली सुरू होण्यापूर्वी सगळ्या गाड्या पाहण्यासाठी खुल्या ठेवलेल्या असतात. आपल्या सातारा-सांगली भागातून पुण्या-मुंबईच्या अशा लिलावांना जाणाऱ्यांत गाडी घेणारे थोडे आणि मोटारींच्या ओढीने जाणारे अधिक असतात. त्यांनी जरूर जावे, कारण एरवी कुलूपबंद गॅरेजात झाकून ठेवलेल्या गाड्या इतक्या जवळून पाहण्याची संधी क्वचितच मिळते. पण केवळ चकचकीत रंगाचे फोटो काढून परत येणे म्हणजे ही संधी वाया घालवणे आहे. लिलावात प्रत्येक गाडीची किंमत ठरायची असते, आणि ती किती ठरावी हे बऱ्याच अंशी गाडीच्या अंगावरच वाचता येते. माझ्या मते ती सर्वांत आधी मूळपणावरून ठरावी. रंग कोणत्याही चांगल्या गॅरेजात पुन्हा देता येतो. कारखान्यातून आलेला पत्रा, इंजिन, त्यांवरचे क्रमांक आणि गाडीसोबत एका मालकाकडून दुसऱ्याकडे आलेले कागद एकदा गेले की गेले. हा मूळपणा कसा ओळखावा, हाच या लेखाचा विषय आहे.

जाण्यापूर्वी लिलावाची पुस्तिका मिळवावी आणि तीतून तीन-चार गाड्याच निवडाव्यात. प्रत्येकीबद्दल ती कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत बनली, इंजिन कोणते होते, ब्रेक दांड्यांचे होते की तेलाचे, चाके लाकडी आरांची, तारांची की पत्र्याची, एवढी माहिती कागदावर उतरवून घ्यावी. सोबत एक लहान बॅटरी, हातात मावणारा आरसा, मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक, पेन्सिल आणि पातळ पांढरा कागद असावा. शक्य असेल तर एखाद्या जुन्या मिस्त्रींना बरोबर न्यावे. साताऱ्यात, सांगलीत, मिरजेत कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणि पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारे) यांवर आयुष्य काढलेले मिस्त्री अजून भेटतात, आणि संगणक लावून दोष शोधण्याची सवय झालेल्या तरुण कारागिरापेक्षा अशा ठिकाणी त्यांचा कान आणि हात अधिक उपयोगी पडतो. गाडीला हात लावण्यापूर्वी विचारावे, पट्ट्याचे बक्कल आणि हातातले कडे रंगाला घासणार नाही याची काळजी घ्यावी, आणि दरवाजावर किंवा मडगार्डवर रेलू नये. ‘काका, बोनेट उघडून दाखवता का?’ असे नीट विचारले तर बहुतेक राखणदार आनंदाने दाखवतात. त्यांनाही गाडीबद्दल बोलायला आवडते.

पहिली नजर लांबूनच टाकावी. गाडीपासून पंधरा-वीस फुटांवर उभे राहून ती समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी पाहावी. एका बाजूला झुकलेली गाडी पाट्यांच्या स्प्रिंगांची किंवा चासीची, म्हणजे गाडी जिच्यावर उभी असते त्या खालच्या चौकटीची, तक्रार सांगते. दरवाजांभोवतीची फट सर्वत्र सारखी आहे का, बोनेटची रेषा दरवाजाच्या रेषेला सरळ मिळते का, हे लांबूनच नीट कळते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक गाड्यांचा सांगाडा लाकडी असून त्यावर पत्रा ठोकलेला असे. म्हणून परवानगी घेऊन दरवाजा अर्धा उघडावा आणि त्याची मोकळी कड बोटांनी किंचित वर उचलून पाहावी. बिजागरीत खेळ जाणवला तर ती बदलता येते; पण बिजागरीसह खांबच हलत असेल तर आतले लाकूड कुजले आहे असे समजावे. असा सांगाडा पुन्हा उभारणे हे सगळ्या दुरुस्त्यांत वेळखाऊ आणि महाग काम आहे, आणि बाहेरचा रंग कितीही देखणा असला तरी तो या दोषाची भरपाई करीत नाही.

त्यानंतर जवळ जाऊन साहित्य पाहावे. गाडीचे साल आणि तिच्या अंगावरचे साहित्य एकमेकांशी जुळते का, ही परीक्षा नवख्यालाही करता येते. मोटारींवर क्रोमचा मुलामा १९२० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाला. त्यापूर्वी निकेल वापरीत, आणि निकेलची झाक किंचित पिवळसर, उबदार असते, तर क्रोम निळसर पांढरे दिसते. १९२२ ची म्हणून उभ्या असलेल्या गाडीच्या रेडिएटरचे कडे निळसर चमकत असेल तर ते नंतर मुलामा दिलेले आहे. तीच गोष्ट स्क्रूंची. अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर मोटारींत आले, त्यामुळे त्याआधीच्या गाडीच्या दरवाजाच्या आत किंवा डॅशबोर्डवर असे स्क्रू दिसले की तो भाग कधीतरी उघडून पुन्हा बसवला आहे हे निश्चित समजावे. उघडणे हा काही गुन्हा नव्हे. शंभर वर्षांत गाडी उघडावीच लागते. पण पुस्तिकेत ‘जशीच्या तशी’ असे लिहिले असेल तर हे स्क्रू त्या वाक्याच्या विरुद्ध साक्ष देतात.

रंगाबाबतही असेच आहे. नायट्रोसेल्युलोजचे फवाऱ्याने मारायचे ड्युको रंग १९२३-२४ च्या सुमारास आले. त्यापूर्वी बग्ग्यांप्रमाणे ब्रशाने वार्निशाचे थर देत आणि ते वाळायला आठवडे लागत. आजच्या दोन घटकांच्या रंगावर पारदर्शक थर दिला की पृष्ठभाग ओला असल्यासारखा दिसतो, आणि १९२८ च्या गाडीवर ही ओली चकाकी मला खटकते. फोर्डची मॉडेल टी १९१४ पासून १९२५ पर्यंत फक्त काळ्या रंगात निघत असे; त्या सालांतली तांबडी मॉडेल टी दिसली तर ती कुणाच्या तरी आवडीने रंगवली आहे. उलट एखाद्या गाडीचा रंग उडालेला, आसनांचे चामडे तडकलेले आणि फूटबोर्डाचे रबर मधोमध झिजलेले असेल, तर तिच्यापुढे अधिक वेळ उभे राहावे. पाय ठेवण्याच्या नेमक्या जागी झीज, चालकाच्या बाजूला इतर आसनांपेक्षा जास्त झीज, पेडलचे रबर गुळगुळीत आणि मैलांचा आकडा त्याला साजेसा, असे सगळे एकमेकांना दुजोरा देत असेल तर ती गाडी खरे बोलते आहे. अशा गाडीला नवा रंग देऊन तिची ‘शोभा वाढवणे’ हे तिचे नुकसान करणे आहे, असे मी ठामपणे म्हणेन.

टायरचा विचार वेगळा करावा, कारण टायर बदलावेच लागतात आणि बदलले म्हणून गाडीचे मोल कमी होत नाही. रेडियल टायर १९४० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले, म्हणून त्याआधीच्या गाडीवर ते शोभत नाहीत इतकेच. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो; १४१९ असे असेल तर तो २०१९ सालच्या चौदाव्या आठवड्यात बनला आहे. खाचा कितीही खोल दिसल्या तरी जुने रबर कडक होते.

आता पत्रा. कापडात गुंडाळलेले चुंबक मडगार्डच्या कडा, दरवाजांचा खालचा भाग आणि चाकांवरच्या कमानी यांवरून हलकेच फिरवावे. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली आहे. मात्र काही गाड्यांची अंगे, म्हणजे बॉड्या, ॲल्युमिनिअमची असतात, तेव्हा पुस्तिका आधी वाचलेली असावी. पुट्टीपेक्षाही आपल्या भागातल्या खरेदीदाराने भ्यावे ते गाळाला. सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णेचे पाणी घराघरांत शिरले, आणि पाण्यात बुडालेली जुनी गाडी धुऊन, रंगवून पुन्हा विकायला येऊ शकते. धुतल्याने बाहेरचा गाळ जातो, पण चासीच्या पोकळ भागांत, दरवाजाच्या तळाशी, आसनांच्या स्प्रिंगांखाली आणि डॅशबोर्डच्या मागच्या वायरींच्या वळणांवर बारीक, पिठासारखा थर राहतोच. बॅटरी आणि आरसा नेण्याचे खरे कारण हे आहे. हेडलाइटच्या आतल्या परावर्तकावर आडवी पुसट रेषा दिसली तर पाणी कुठवर चढले होते ते तीच सांगते.

बोनेट उघडल्यावर इंजिनाच्या स्वच्छतेपेक्षा त्याच्या क्रमांकाकडे आधी पाहावे. आरटीओत गाडी नेल्यावर चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतात, तो प्रकार आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. तसाच ठसा परवानगी घेऊन इथेही घ्यावा. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी ठशात दिसतात. आकडे एका ओळीत आहेत का, त्यांची खोली सारखी आहे का, त्यांच्या मागे पत्रा घासल्याचे तिरके ओरखडे आहेत का, हे उजेडात धरून पाहावे. क्रमांकाची पट्टी असेल तर तिचे रिव्हेट जुने आहेत की नुकतेच ठोकलेले, हेही तपासावे. फोर्डच्या मॉडेल टीचा क्रमांक इंजिनाच्या डाव्या अंगाला, पाणी आत शिरते त्या नळीच्या वर असतो आणि गाडीचा क्रमांक म्हणून तोच धरला जातो, त्यामुळे इंजिन बदलले की गाडीची ओळखच बदलते. त्यानंतर आलेल्या मॉडेल एमध्ये इंजिनाचा क्रमांक चासीवरही ठोकलेला असतो, पण तो अंगाखाली झाकलेला असल्याने प्रदर्शनात पाहता येत नाही. सांगलीचा आयर्विन पूल झाला त्याच काळातली, म्हणजे १९२९ च्या सुमाराची मॉडेल ए कुणी दाखवली, तर अंग उतरवून दुरुस्ती करताना या क्रमांकाचा फोटो काढला होता का, एवढे जरूर विचारावे.

काही खुणा त्या त्या गाडीपुरत्या असतात आणि त्या माहीत असल्या की पाहण्याचा आनंद दुणावतो. युद्धकाळातली जीप विलीजने आणि फोर्डने, दोघांनीही बनवली. रेडिएटरखालचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर चासी विलीजची, उलट्या यू आकाराचा असेल तर फोर्डची. फोर्डने तर बोल्टांच्या डोक्यांवरही एफ हे अक्षर उमटवले होते. म्हणून फोर्डची जीप म्हणून मांडलेल्या गाडीचे बोल्ट एकेक करून पाहावेत; त्यांतले किती मूळ उरले आहेत हे तिथेच कळते. आपल्याकडे डुक्कर फियाट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १९५० च्या दशकातल्या फियाट ११०० चे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेले असत; पुढे ११०० डी आली तेव्हा ते सरळ झाले. जुन्या अमेरिकी गाड्या, जीप आणि ॲम्बॅसॅडर यांबाबत आणखी एक गोष्ट आवर्जून पाहावी: पेट्रोल महागले तेव्हा अशा अनेक गाड्यांत पर्किन्ससारखी डिझेल इंजिने बसवली गेली. पुढे पुन्हा पेट्रोल इंजिन मिळवून घातले असले तरी इंजिन धरणाऱ्या पायांची कापाकापी आणि वेल्डिंग चासीवर तसेच राहते. आरसा खाली धरून ते शोधावे आणि नोंदणी पुस्तकात इंधन काय लिहिले आहे ते पडताळावे.

इंजिन सुरू करून दाखवणार असतील तर ते थंड असतानाच पाहण्याचा आग्रह धरावा. रेडिएटरजवळ तळहाताची मागची बाजू नेली की ऊब कळते. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन आपले दोष लपवते. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर तेल जळते आहे, काळा आला तर पेट्रोल जास्त जाते आहे. सुरू होताना थोडी पांढरी वाफ येणे साहजिक असले तरी ती थांबतच नसेल तर पाणी इंजिनात शिरते आहे असे समजावे. ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ चिकटा दिसल्यास हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालची चपटी पट्टी, फुटल्याचा संशय घ्यावा. हँडल मारून गाडी सुरू करण्याची हौस कुणालाही वाटते, परंतु परवानगी मिळाली तरी अंगठा हँडलभोवती गुंडाळू नये, तो बोटांच्याच बाजूला ठेवावा आणि हँडल खालून वर ओढावे. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडू शकते.

गाडी पाहून झाली की कागदांकडे वळावे, आणि तिथे गाडीपेक्षा कमी वेळ देऊ नये. २०२२ साली मर्सिडीज-बेन्झची १९५५ ची ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे १३.५ कोटी युरोंना विकली गेली. अशा दोनच गाड्या बनल्या होत्या आणि दोन्ही बनल्यापासून कंपनीच्याच ताब्यात होत्या, त्यामुळे तिच्या इतिहासात संशयाला जागाच नव्हती. आपल्या पुढ्यातली गाडी त्या तोलाची नसली तरी न्याय तोच. जुनी नोंदणी पुस्तके, विम्याच्या पावत्या, कर भरल्याच्या नोंदी, गॅरेजची बिले आणि घरगुती फोटो सालवार लावून मध्ये किती वर्षे रिकामी आहेत ते पाहावे.

कागद बनावट असू शकतात, आणि ते पकडण्याची साधने आपल्या भागातल्या माणसाजवळ इतरांपेक्षा अधिक आहेत. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा या नावाने वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून १९५५ च्या सरकारी कागदावर ‘सांगली जिल्हा’ छापलेले असेल तर तो कागद नंतरचा आहे. १ मे १९६० पूर्वीच्या कागदावर महाराष्ट्र राज्य असू शकत नाही. १ एप्रिल १९५७ पूर्वीच्या पावतीवर नवे पैसे नसतात, आणे-पैच असतात. टपालाचा पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला, तेव्हा १९६५ च्या बिलावर सहा आकडी पिन दिसला तर ते बिल बाजूला ठेवावे. नंबरप्लेटवरही विचार करावा. एमएच-११ किंवा एमएच-१० अशी मालिका १९८९ मध्ये नवा मोटार कायदा अमलात आल्यानंतरची आहे. १९४८ च्या गाडीवर ती असेल तर गाडीची नोंद पुन्हा झालेली आहे. तसे होण्यात गैर काही नाही, पण जुना क्रमांक कोणता होता आणि तो का बदलला याचे उत्तर मिळाले पाहिजे.

‘संस्थानिकांची गाडी’ या दाव्याकडे विशेष बारकाईने पाहावे, कारण त्या दोन शब्दांनी बोली झपाट्याने चढते. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली, त्यामुळे संस्थानच्या नावाने गाडी घेतली असेल तर तो व्यवहार त्यापूर्वीचा हवा. सातारचे राज्य तर इंग्रजांनी १८४८ मध्येच खालसा केले होते. म्हणून ‘सातारा दरबारची सरकारी मोटार’ असे कुणी सांगितले तर गाडी राजघराण्यातील व्यक्तीची खासगी होती का, असा प्रश्न करावा. रोल्स-रॉइससारख्या कंपन्या त्या काळी केवळ चासी विकत आणि अंग वेगळ्या कारागिरांकडून बनवून घेतले जाई. अशा कारागिरांची छोटी पट्टी बहुधा दरवाजाच्या उंबऱ्याशी सापडते. चासीचा क्रमांक, ही पट्टी आणि खरेदीचा पत्रव्यवहार जुळत असेल तर दाव्यात तथ्य आहे. दरवाजावर रंगवलेले राजचिन्ह हा पुरावा धरू नये, ते कुणालाही रंगवून घेता येते.

घेण्याचा विचार पक्का असेल तर कायदाही पाहावा. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि चासी, अंग किंवा इंजिन यांत मोठे फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि पुनर्नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये आहे. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए ही अक्षरे येतात. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती यांसारख्या कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला किंवा लग्नाच्या भाड्याला ती लावता येत नाही. विक्री झाल्यास घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने ९० दिवसांत आपापल्या परिवहन कार्यालयाला कळवायचे असते.

बोलीविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. लिलाव ‘जशी आहे, जिथे आहे’ या तत्त्वावर होतो, म्हणून हातोडा पडल्यावर तक्रारीला जागा नसते. घोषित रकमेवर लिलावगृहाचे शुल्क आणि कर वेगळे द्यावे लागतात. ते धरून आपली शेवटची रक्कम आदल्या रात्री कागदावर लिहावी आणि सभागृहात ती बदलू नये. राखीव किंमत (जिच्याखाली मालक गाडी विकणार नाही ती) आहे की नाही, अनामत किती आणि पैसे किती दिवसांत भरायचे, हे आधीच विचारून घ्यावे.

गाडी मिळालीच तर ती महामार्गाने चालवत आणण्याचा मोह टाळावा. दांड्यांचे ब्रेक असलेल्या गाडीला खंबाटकीचा उतार आणि मागे लागलेले ट्रक हे दोन्ही एकदम झेपत नाहीत. ती सपाट पाठीच्या ट्रकवर, चाके पट्ट्यांनी बांधून आणावी. घरी आल्यावर आधी पेट्रोलची टाकी उतरवून गंज धुऊन काढावा, ऑइल आणि पाणी बदलावे, स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे आणि इंजिन हाताने सावकाश फिरवून ते कुठे अडत नाही याची खात्री करावी. ब्रेक तपासून झाल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर काढू नये.